पुन्हा हीच गाडी घ्यायची का?

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार
नारायणगाव

गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट, या महिनाअखेरीस संपतंय. २०१७ ची बोलेरो पिकअप, त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर घेतलेली. आजवर दोन वर्षांतून एकदा आरटीओ गाठावं लागायचं. आता आठ वर्षं भरली, म्हणजे इथून पुढे दरवर्षी पासिंग, आणि वर पर्यावरण कर. हप्ते कधीच फिटलेत. गाडी चालू आहे, इंजिन अजून खोललेलं नाही. त्यामुळे गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. ठेवायची की काढायची, आणि काढली तर पुन्हा हीच घ्यायची का?

ह्यांच्यापुरता विषय मिटलेला आहे. "हीच घ्यायची." का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हातातली गाडी आहे. अंधारातसुद्धा कुठून काय वाजतंय ते कळतं." खरं आहे ते. पण हिशेबाची वही माझ्याकडे असते, आणि रात्री "पोचलो" एवढा फोन येईपर्यंत जागीही मीच असते. पुन्हा पाच वर्षं हप्ते भरायचे तर मला याहून जास्त काहीतरी ऐकायचं होतं. म्हणून या आठवड्यात मार्केटला गेले की जो पिकअपवाला भेटेल त्याला हाच प्रश्न विचारत होते.

आमच्या उपबाजारात विचारायला माणसं कमी पडत नाहीत. टोमॅटोचा हंगाम भरात असला की पिकअप लावायला जागा मिळत नाही. आता फ्लॉवर, कोबी, मेथी-कोथिंबिरीचे दिवस आहेत, तरी पहाटे रांग असतेच. बोलेरो, टाटाची योद्धा, अशोक लेलँडचं दोस्त, मधेच एखादी जुनी टाटा २०७. गंमत वाटली ती ही, की ज्याच्याकडे जी आहे तो तीच पुन्हा घ्यायची म्हणतो. योद्धावाले भाऊ म्हणाले, चढाला दम लागत नाही. दोस्तवाला पोरगा म्हणाला, पुण्यात भाजीमंडईच्या बोळात वळवायला हीच बरी. आधी मला वाटलं, आपलं ते चांगलं म्हणायची माणसाला सवयच असते. पण नीट ऐकलं तर प्रत्येकाचं उत्तर त्याच्या रोजच्या रस्त्यावरून आलेलं होतं. घाटातला माणूस ताकद बघतो, शहरातला वळण बघतो.

पिंपळवंडीचे एक अण्णा आहेत, त्यांनी आयुष्यात बऱ्याच पिकअप वापरल्या. ते म्हणाले, "ताई, घेताना विकायची किंमत विचारायची. शोरूमवाल्याला नाही, जुन्या गाड्यांच्या दलालाला." हे मला पटलं. आमची गाडी काढायची नुसती चर्चा आहे आणि अकोल्याकडून दोघांचे फोन येऊन गेले. जुनी बोलेरो पिकअप दारात पडून राहत नाही, हे मी आजूबाजूच्या घरांतही बघितलंय.

एकाचंच उत्तर "नाही" असं होतं. बोलेरो नको असं नाही, कुठलीच पिकअप नको. "कॅरेटमागचं (भाजीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमागचं) भाडं आहे तिथंच, डिझेल नव्वदवर. नवीन गाडी घ्यायची कशाच्या जीवावर?" त्याच्याशी वाद घालता येईना. माझ्या वहीतही हेच लिहिलेलं आहे. आमची गाडी लोड घेऊन लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. भाडं वाढवून मागितलं की शेतकरी पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेलं विक्रीचं बिल, दाखवतो, आणि त्या पट्टीत त्याच्याच हाताला काही लागलेलं नसतं. मग बोलायचं कोणाला?

मेस्त्रीचा मुद्दा मात्र मी कोणाकडून ऐकायची गरज नाही. वाशीला जाताना आमची गाडी आळेफाटा, ओतूर, मढ करत माळशेज उतरते. एका पावसाळ्यात, घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आपटली आणि मागचा मुख्य पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, मोडला. रात्रीचे बारा वाजून गेलेले, मागे टोमॅटोचे कॅरेट भरलेले, वर पाऊस. ह्यांनी जवळच्या एका मेस्त्रीला झोपेतून उठवलं. त्याच्याकडे ह्याच गाडीचा पाटा तयार होता. दुसऱ्या एखाद्या गाडीचा असता तर सकाळी कल्याणहून मागवावा लागला असता, आणि वाशीचा भाजीबाजार कोणासाठी थांबत नाही. सौदे उजाडायच्या आत उरकायला लागतात, उशिरा आलेल्या मालाला मिळेल तो भाव घ्यायचा. त्या दिवशी उशीर झालाच, पण माल त्याच दिवशी विकला गेला. ह्यांचं "हीच" त्या रात्रीपासून इतकं पक्कं आहे.

आता अडचण अशी की "हीच" म्हणून जी मिळेल ती हीच नसणार. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या जास्त कडक नियमांच्या, झाल्या. आमची बीएस-४. नाव बोलेरो, तोंडवळा तसाच, पण धूर साफ करायची व्यवस्था वेगळी, सेन्सर जास्त, आणि दिवा लागला की पान्हा घेण्याआधी स्कॅनर लावायचा. आमच्या मेस्त्रीने स्कॅनर घेतलाय. तो म्हणाला, घाबरू नका, आता आम्हीही शिकलो. पण टोकावड्याच्या त्या मेस्त्रीनेही घेतलाय का, हे मला आधी जाणून घ्यायचंय. ह्यांना मी सांगितलंय, पुढच्या खेपेला तिथं चहाला थांबा आणि विचारून या.

किमतीचं बोलायचं तर वेळ चांगली आहे. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ८ लाख धरली तर कर २ लाख २४ हजारांचा १ लाख ४४ हजार होतो. ८० हजार रुपये वाचले. आमच्या घरात ८० हजार ही लहान रक्कम नाही. पण स्वस्त झाली म्हणून घ्यायची, हे मला कधीच पटत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा एका पिकअपमध्ये दीड-दीड लाखाचा माल जात होता. त्या तेजीत आमच्या शिवारात नव्या गाड्या आल्या, हार घातले, पेढे वाटले. पुढे भाव उतरला, हप्ता नाही उतरला. त्यातल्या एका घरची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. त्या घरची सून माझ्याबरोबर शाळेत होती. गाडी ठरवायची ती पडत्या भावात परवडेल अशी ठरवायची, एवढं मी त्यावरून पक्कं धरलंय.

हे सगळं झालं गाडीबद्दल. आठवडाभर जेवढं ऐकलं त्यात पाटे आले, ॲव्हरेज आलं, विकायची किंमत आली. गाडीत बसणाऱ्या माणसाबद्दल एकही शब्द कोणी काढला नाही. मला जे लिहायचंय ते हे.

आमच्या गाडीची ड्रायव्हरची सीट मी परवा नीट बघितली. फोम मधोमध बसलाय, त्याच्यावर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी चौघडी करून ठेवलेली. गोधडीलाही आता बसायचा आकार आलाय. पाठीशी एक उशी दोरीने बांधलेली. दाराच्या काचेची कड जिथं कोपर टेकतं तिथं रंग उडून पत्रा चकचकीत झालाय. ह्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा आहे, कारण एप्रिल-मेमध्ये काच खाली ठेवल्याशिवाय बसवत नाही, आणि खाली ठेवली की ऊन आणि धूळ दोन्ही आत.

लोड असताना गाडी बरी चालते. सत्तर-ऐंशी कॅरेट म्हणजे दीड-पावणेदोन टन, त्या वजनाने पाटे दबतात आणि गाडी रस्त्याला बसते. ती बनवलीच आहे वजन वाहायला. पण येताना हौद्यात नुसते रिकामे कॅरेट. मोकळी पिकअप म्हणजे तापल्या कढईतली लाही. पाटे दबायला वजनच नाही, प्रत्येक खड्डा सरळ पाठीत. पिकअप कुठल्याही कंपनीची असो, हे असंच होणार, कारण टन-दोन टन वाहणारे पाटे एका माणसाच्या वजनाला वाकत नाहीत. रात्रभराची झोप नसताना, वाशीहून उलटं येताना, ऊन चढत असताना हे सोसायचं. घरी आले की आधी जमिनीवर पाठ टेकतात, मग बोलतात. डॉक्टरांनी पट्टा दिलाय. तो कंबरेला कमी आणि खुंटीला जास्त असतो.

या १ ऑक्टोबरपासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं, फार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. पण तो नियम मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या गाड्यांना. आमच्यासारख्या पिकअप त्याच्या आतच राहतात. रस्ता तोच, ऊन तेच, रात्र तीच, वाशीच्या गेटवर रांग तीच. मोठ्या ट्रकमधल्या माणसाला उष्णता होते आणि छोट्या गाडीतल्याला होत नाही, असं तर काही नाही ना? मला याचा मनापासून राग येतो. महाराष्ट्राची भाजी मुंबईत पोचवणाऱ्यांत पिकअपवाले किती आहेत, हे वाशीच्या गेटवर एक रात्र उभं राहिलं तरी कळेल.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडेही पिकअप आहे, टोयोटाची टॅकोमा. काल व्हिडिओ कॉलवर त्यालाही विचारलं. तो म्हणाला, काकू, हीच घेईन, हिची किंमत पडत नाही. म्हणजे पिंपळवंडीच्या अण्णांचंच उत्तर. तो ती ऑफिसला नेतो, सुट्टीत मागे सायकली टाकतो. ड्रायव्हरच्या मागे आणखी एक सीटची रांग, त्यात पोरं बसतात. त्याच्या बोलण्यात एसीचा विषयच आला नाही, कारण तिथे तो विषय असत नाही. पिकअप म्हटलं की माणसाने सोसायचंच, असं काही जगात ठरलेलं नाही, हे मला त्या कॉलवरून कळलं. आपल्याकडे ते ठरवून टाकलंय.

मग मी माझं उत्तर ठरवलं आणि आज जेवणं झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. हो, बोलेरोच घ्यायची. पाट्यासाठी, मेस्त्रीसाठी, विकायच्या किमतीसाठी. पण एसीची. बोलेरो मॅक्स पिकअपच्या काही मॉडेलांत आता एसी येतो, तेच बघायचं. शोरूममध्ये आधी सीटवर बसायचं, मागे-पुढे सरकवून बघायची, मग हौद्याची लांबी विचारायची.

आणखी एक. गेल्या वर्षी ६ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. आमच्या धाकट्या दिरांकडे तेच लायसन आहे. इतके दिवस "उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील" म्हणून त्यांना रात्रीच्या खेपेला बसवत नव्हतो. आता आठवड्यातल्या निम्म्या खेपा त्यांनी करायच्या. हेही मी वहीत लिहिलं.

हे म्हणाले, "एसी डिझेल खाईल." मी म्हटलं, खाऊ दे, पट्ट्याचे आणि गोळ्यांचे पैसे याच वहीत लिहिलेले आहेत, ते पण बघा. त्यावर काही बोलले नाहीत. दीर मात्र लगेच म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे."

अडलंय ते टनावर. मॅक्समध्ये १.३ टनांपासून २ टनांपर्यंत मिळते, मोठीचा हौदा दहा फुटांचा. ह्यांना २ टनांची हवी आहे. म्हणतात, टोमॅटोत एका खेपेत पंधरा कॅरेट जास्त जातील. मला नको आहे. दोन टनांची घेतली की व्यापारी दोन टन भरणार आणि वर दहा कॅरेट "बसतील हो" म्हणून चढवणार, हे मी इतकी वर्षं फाळक्याजवळ उभं राहून बघितलंय. आणि वर्षातले कितीतरी महिने आपण पालेभाजी वाहतो, तिला वजन नाही, जागा लागते. यावर हे म्हणाले, जागा लागते म्हणूनच तर दहा फूट. तो मुद्दा त्यांचा खरा आहे. रात्री झोपेपर्यंत मिटलं नाही.

बुधवारी शोरूमला जायचं ठरलं. त्याआधी जुनीचं पासिंग करून घ्यायचं, कारण पासिंग असलेल्या गाडीला अकोल्याचा माणूस जास्त देतोय. पीयूसी आणि इन्शुरन्सचे कागद पिशवीत काढून ठेवले. मागच्या दिव्याची एक काच फुटलीय, ती उद्या सकाळी बदलायला सांगायची आहे.