टपावरून बॅटरीपर्यंत: व्हॅनमधली सोलर जोडणी

मुक्कामाचा पहिला दिवस कुठल्याही व्हॅनमध्ये सुखाचा जातो. दिवसभर गाडी चाललेली असते, बॅटरी भरलेली असते. वायरिंगचा कस लागतो तो तिसऱ्या दिवशी. गाडी एकाच जागी उभी, फ्रिज रात्रंदिवस चालू आणि वर आभाळ भरून आलेलं. आमच्या व्हॅनची सगळी जुळणी त्या तिसऱ्या दिवसाच्या हिशेबाने केलेली आहे.

हिशेब आधी खर्चाचा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ४५ वॅट घेतो आणि गरम हवेत निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे दिवसाला ४५ एएच (ॲम्पिअर-तास, म्हणजे वॅट-तासांना व्होल्टने भागून येणारा आकडा) धरून चाला. पंखा आठ तासांचे १६, दिवे ४, फोन आणि लॅपटॉप मिळून १०. एकूण ७५ एएच. २०० एएचच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले ८० टक्के वापरले तर १६० एएच मिळतात, म्हणजे अजिबात ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून तेवढ्याच वापराला ती ३२० एएचची लागेल आणि वजन कितीतरी वाढेल.

टपावर २०० वॅटची दोन पॅनल आहेत. आडव्या बसवलेल्या ४०० वॅटकडून चार तासांच्या चांगल्या उन्हात ७० टक्के धरले, तर सुमारे ११२० वॅट-तास म्हणजे ८५ एएचच्या आसपास येतात. रोजचा खर्च निघतो आणि थोडं वर उरतं. पॅनल टपाला चिकटवून टाकू नका, खाली दोन-तीन सेंटीमीटर हवा खेळू द्या. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की सातवा हिस्सा गेलाच.

पॅनल सिरीजमध्ये (एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडायची की पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस)? सिरीजमध्ये व्होल्टेज दुप्पट होतं आणि करंट १० ॲम्पिअरच राहतो. पाच मीटर लांबीच्या ४ स्क्वेअर एमएम वायरमध्ये जेमतेम १ टक्का वाया जातो. पॅरललमध्ये त्याच वायरमधून २० ॲम्पिअर जातात आणि नुकसान ४ टक्क्यांवर पोहोचतं. तरीही झाडाखाली थांबायची सवय असेल तर आमचा कौल पॅरललला आहे, कारण एका पॅनलवर सावली पडली तरी दुसरं आपलं काम करत राहतं. तिथे वायर मात्र ६ स्क्वेअर एमएमची घ्या. सिरीजमध्ये जोडताना थंडीचा विचार हवा. गारठ्यात पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचं) चढतं आणि ते कंट्रोलरच्या, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्राच्या, कमाल मर्यादेपलीकडे गेलं तर कंट्रोलर कायमचा जातो. ४०० वॅटला १०० व्होल्ट, ३० ॲम्पिअरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर पुरतो.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना बरोबर उलट. यंत्रणा १२ व्होल्टची की २४ची, हे बरेच कंट्रोलर बॅटरीवरूनच ओळखतात. लिथियमसाठी कंट्रोलरवर ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरण्याचा टप्पा) १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून धरण्याचा टप्पा) १३.५, इक्वलायझेशन (लेड ॲसिडसाठीचा जादा व्होल्टेजचा टप्पा) बंद आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी भरपाई शून्य. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायचीच नाही. सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. त्या तापमानाला चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) आहे का, हे घेतानाच पाहा.

गाडी चालू असताना चार्ज करायचं तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरी भरणारा) हवाच. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी राहून इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. ३० ॲम्पिअरचा चार्जर इंजिनच्या बाजूने ३५ ते ४० ॲम्पिअर घेतो. त्या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, एका टोकाला गाडीची आणि दुसऱ्याला आपली, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट: सांधे. बॅटरीच्या पोस्टवर (जोडणीच्या खुंटीवर) वायरची लग (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) थेट बसली पाहिजे, वॉशर तिच्या वर. वॉशर लगच्या खाली गेला तर सगळा करंट स्टीलच्या त्या चकतीतून जातो. दिसायला जोडणी घट्टच दिसते, पण एका सांध्यात ०.०१ ओहम रोध आला तर ३० ॲम्पिअरला ९ वॅट आणि इन्व्हर्टरच्या ९० ॲम्पिअरला ८१ वॅट उष्णता त्याच जागी. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. लग हायड्रॉलिक क्रिम्परने (लग वायरवर दाबायच्या पकडीने) दाबा, हातोडीने नाही, आणि दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा. गाडीच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात, तेव्हा पहिल्या लांब प्रवासानंतर ते पुन्हा एकदा आवळा.

बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टेजवरून ओळखायला जाऊ नका. २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान आकडा जेमतेम तीन-चार दशांश व्होल्टने हलतो. त्यासाठी शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी) बसवा आणि एकूण एक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडच्या बाजूला जोडा. बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर फक्त शंटची वायर राहिली पाहिजे. एखादी वायर थेट पोस्टवर राहिली की तिच्यातून येणारी-जाणारी वीज मोजलीच जात नाही आणि मीटरवरची टक्केवारी रोज थोडी थोडी चुकत जाते.

जोडणी झाल्यावर भर उन्हात, चार्जिंग जोरात चालू असताना मल्टिमीटर घ्या. कंट्रोलरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि बॅटरीच्या पोस्टवरचं व्होल्टेज लागोपाठ मोजा. मीटरभर अंतराला १० स्क्वेअर एमएम वायर असेल तर ३० ॲम्पिअरला फरक ०.१ ते ०.२ व्होल्टचा यावा. ०.३च्या वर गेला तर कंट्रोलर बॅटरी भरत आल्याचं समजून करंट लवकर कमी करतो. अशा वेळी मीटरची एक टोचणी लगवर आणि दुसरी पोस्टवर ठेवून एकेक सांधा मोजत जा. ज्या सांध्यावर आकडा उडी मारतो तो उघडा, घासून स्वच्छ करा आणि पुन्हा बसवा.