तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पोरांची घसरण झाली का?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणे आटोपली की जुना एखादा अमेरिकी चित्रपट लावायचा, अशी प्रथा पुष्कळ वर्षांपासून पडून गेली आहे. त्यात ‘बावरी बॉइज’ (न्यूयॉर्कच्या बावरी या रस्त्यावरची पोरे) या टोळीचा चित्रपट लागला की पाहुण्यांतले कोणी ना कोणी जाणकार हमखास विचारतात : १९३७ च्या ‘डेड एंड’ या गंभीर चित्रपटात ज्या पोरांकडे पाहून गरिबी माणसाचे काय करते हे कळत होते, त्याच पोरांनी पुढे वीस वर्षे भुतांना घाबरून पळण्याचे आणि उधारीवर आइस्क्रीम हादडण्याचे स्वस्त विनोदी चित्रपट करावेत, ही घसरण नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर पाहुणे चपला घालत असताना दारात उभे राहून देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

खर्च, नेपथ्य आणि दिग्दर्शन यांच्यापुरते बोलायचे तर घसरण झाली, आणि ती चांगलीच झाली. परंतु विनोद हा या पोरांना नंतर, पैशासाठी, वरून चिकटवण्यात आला, हे म्हणणे मला पटत नाही. तो मूळ नाटकातच होता. शिवाय नंतरच्या चित्रपटांतला जो सर्वांत मोठा विनोद, म्हणजे ही पोरे कधी मोठीच होत नाहीत, तो मूळ नाटकाने विचारलेल्या प्रश्नाला दिलेले एक बेरकी उत्तर आहे, असे मला वाटते.

‘डेड एंड’ हे सिडनी किंग्सले यांचे नाटक ऑक्टोबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलास्को नाट्यगृहात आले आणि त्याचे ६८७ प्रयोग झाले. मॅनहॅटनच्या पूर्व टोकाला, जेथे ५३ वा रस्ता ईस्ट रिव्हरपाशी संपतो, तेथे त्या काळी धनिकांची आलिशान इमारत आणि तिला खेटून गरिबांच्या पडक्या चाळी अशी स्थिती होती. नाटकाची मूळ प्रेरणा हेच दृश्य. नेपथ्यकार नॉर्मन बेल गेडीस यांनी रंगमंचापुढची वादकांची जागा हीच नदी केली होती, आणि पोरे तिच्यात धडाधड उड्या मारीत. नाटकाच्या शेवटी टॉमी नावाच्या पोराला सुधारगृहात पाठवायचे ठरते आणि तेथून तो काय होऊन बाहेर येईल, हा प्रश्न प्रेक्षकाच्या गळ्यात अडकतो. पण तेथपर्यंत ही पोरे करतात काय? डबड्यात बटाटे भाजतात, पत्ते कुटतात, एकमेकांच्या आया-बहिणींचा उद्धार करतात, नव्या पोराला नागवतात आणि श्रीमंताच्या मुलाची टर उडवतात. त्यांच्या बोलण्याला जी लय आहे, एकाने वाक्य टाकायचे आणि दुसऱ्याने ते अर्ध्यावर झेलून परतवायचे, ती विनोदाचीच लय आहे. हंट्झ हॉल याच्या वाट्याला तेव्हाही टोळीतला अर्धवट ‘डिपी’च आला होता, आणि लिओ गॉर्सी याच्या वाट्याला खुनशी, थुंकीबहाद्दर ‘स्पिट’.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही पोरे गल्लीतून उचलून आणलेली होती, अशी आख्यायिका आहे, आणि पुढे स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यांना ती सोयीचीच पडली असणार. प्रत्यक्षात बिली हॅलप हा रेडिओवरचा नावाजलेला बालकलाकार होता आणि बॉबी जॉर्डन, हंट्झ हॉल हेही लहानपणापासून याच धंद्यात होते. अपवाद लिओ गॉर्सीचा. त्याचे वडील बर्नार्ड हे रंगभूमीवरचे मुरलेले नट होते, परंतु तो स्वतः नळदुरुस्तीच्या कामावर होता आणि घरच्यांच्या आग्रहाखातर या नाटकात शिरला. ज्याला नट व्हायचेच नव्हते तोच पुढे या सगळ्या तांड्याचा नायक झाला.

हॉलिवुडचे निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी नाटकाचे हक्क घेतले, पटकथा लिलियन हेलमन यांच्याकडून लिहून घेतली आणि दिग्दर्शन विल्यम वायलर यांच्याकडे सोपवले. वायलर यांना न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यावर चित्रण करायचे होते, पण गोल्डविन यांनी चाळ, गल्ली आणि नदी असे सारे हॉलिवुडात उभे केले. त्या गल्लीत वायलर यांनी मुद्दाम टाकलेला कचरा गोल्डविन महाशय स्वतःच्या हाताने उचलीत, कारण एवढा खर्च केलेला सेट घाणेरडा दिसणे त्यांना सहन होत नसे, असा किस्सा सांगतात. चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटासह ४ ऑस्कर नामांकने मिळाली. पोरांनी मात्र स्टुडिओत एवढा धुडगूस घातला की गोल्डविन यांनी त्यांचा करार वॉर्नर ब्रदर्सच्या गळ्यात मारला. वॉर्नरकडे त्यांनी १९३८ आणि १९३९ या दोन वर्षांत सहा चित्रपट केले. त्यांतला ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ सर्वांत सरस. त्याच्या चित्रणात लिओ गॉर्सी मनाची वाक्ये घुसडून चित्रपटाचे नायक जेम्स कॅग्नी यांना अडचणीत आणू लागला, तेव्हा कॅग्नी यांनी त्याच्या नाकावर एक सणसणीत ठेवून दिली आणि मग काम सुरळीत झाले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. मला त्या किश्शात वेगळीच गोष्ट दिसते. गंभीर चित्रपटाच्या ऐन मध्यावर हा पोरगा विनोदासाठी जागा शोधत होता, आणि त्या चित्रपटात ती जागा नव्हती.

ती जागा त्याला मोनोग्राम या कंपनीत मिळाली. स्वस्तात, झटपट चित्रपट काढून ते एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणाऱ्या खेळांत दुय्यम चित्रपट म्हणून खपवायचे, हा मोनोग्रामचा व्यवसाय. तेथे सॅम कॅट्झमन यांनी १९४० मध्ये ‘ईस्ट साइड किड्स’ ही मालिका सुरू केली. बेला लुगोसी यांच्यासारखा ड्रॅक्युला म्हणून गाजलेला नट या पोरांना घाबरवायला आणला गेला, यावरून एकंदर सूर लक्षात यावा. या मालिकेबद्दल माझे मत संमिश्र आहे. ‘सनशाइन सॅमी’ मॉरिसन हा कृष्णवर्णीय नट टोळीत बरोबरीच्या नात्याने वावरतो, सगळ्यांबरोबर मार खातो आणि मारतो, ही त्या काळी सहज आढळणारी गोष्ट नव्हती. पण त्याच्या वर्णावरून केलेले जे विनोद त्याच्याच तोंडी घातले आहेत ते आज पाहताना मान खाली जाते. १९४२ च्या ‘लेट्स गेट टफ’मध्ये पोरे एका दुकानदाराला जपानी समजून त्याच्या दुकानावर चालून जातात आणि तो चिनी होता हे मागाहून कळते. युद्धकाळातल्या प्रचारपटाने आपल्याच नायकांची मूर्ख मर्दुमकी एवढी तरी दाखवली, याची मी नोंद घेतो, तरी तो चित्रपट पाहुण्यांना मी आपण होऊन दाखवीत नाही.

१९४५ मध्ये मानधनावरून गॉर्सी आणि कॅट्झमन यांचे फाटले. गॉर्सीने यान ग्रिपो यांना हाताशी धरले, स्वतः मालिकेत भागीदार झाला आणि १९४६ मध्ये ‘लाइव्ह वायर्स’पासून ‘बावरी बॉइज’ सुरू झाली. १९५८ पर्यंत या मालिकेचे ४८ चित्रपट निघाले, बहुतेक तासा-सव्वा तासाचे. आता स्पिट गेला होता, आणि त्याच्या जागी आला स्लिप महोनी : हॅटची कड वर दुमडलेली, छाती पुढे, आणि तोंडात अर्थ ठाऊक नसलेले भारदस्त शब्द. ‘माझे अनुमान आहे’ म्हणायचे तेथे ‘माझा अपमान आहे’ म्हणावे, आणि तेही वकिलाच्या ठसक्यात, अशा थाटाचे त्याचे बोलणे असते. डिपीचा झाला सॅच, बेसबॉलची टोपी घातलेला लांबुडका प्राणी. सॅच काहीतरी बरळतो, स्लिप क्षणभर त्याच्याकडे पाहतो, शांतपणे हॅट काढतो, तिने त्याला फटाफट बडवतो आणि हॅट पुन्हा डोक्यावर चढवून मघाचेच वाक्य पुढे चालू करतो. हे प्रत्येक चित्रपटात घडते. हॉलकडे नीट पाहावे : मार बसण्याच्या किंचित आधीच त्याचा चेहरा आक्रसतो आणि मार संपल्यावर त्यावर एक समाधान पसरते, आपण अजून या टोळीत आहोत याची जणू पावती मिळाल्यासारखे.

टोळीचा अड्डा म्हणजे लुई डंब्रोस्की यांचे मिठाई-आइस्क्रीमचे दुकान. आपल्याकडे कॉलेजाबाहेरच्या इराण्याकडे एका चहावर चार टाळकी दिवसभर बसतात आणि शेठ गल्ल्यावरून नुसता धुसफुसत राहतो, त्यातलाच हा प्रकार. लुईची भूमिका करणारे बर्नार्ड गॉर्सी हे लिओचे सख्खे वडील. ते जेमतेम पाच फूट उंच होते. ते बोट नाचवीत उधारीबद्दल ओरडायचे, आणि पडद्यावर मुलगा त्यांना पाठीवर थाप मारून गुंडाळायचा. धाकटा मुलगा डेव्हिड हाही टोळीत मागे कोठेतरी उभा असायचा. या घरगुती कारभारामुळे त्या दुकानातल्या प्रसंगांना जी ऊब आली आहे, ती मोनोग्रामच्या अंदाजपत्रकात बसणारी नव्हती.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. मालिकेची कथानके पाहा. ‘मिस्टर हेक्स’मध्ये संमोहनामुळे सॅच मुष्टियोद्धा होतो. ‘मास्टर माइंड्स’मध्ये दात दुखू लागल्यावर त्याला भविष्य दिसते. ‘प्रायव्हेट आइज’मध्ये नाकावर ठोसा बसल्यावर त्याला दुसऱ्याच्या मनातले वाचता येते. ‘नो होल्ड्स बार्ड’मध्ये त्याच्या अंगात अचाट बळ येते, आणि ते कधी डोक्यात, कधी बोटात, कधी पायाच्या अंगठ्यात जाऊन बसते. स्लिप दर वेळी या चमत्कारातून पैसा करायला निघतो, गुंड मागे लागतात, मारामारी होते, आणि शेवटी शक्ती जाते, पैसा जातो आणि मंडळी पुन्हा लुईच्या दुकानात, पुन्हा उधारीवर. नियतीने यांच्यापुढे सोन्याची ताटे वाढली आणि दर वेळी यांनी ती लाथेने उडवली. ‘या पोरांचे पुढे काय होणार?’ असा १९३५ च्या नाटकाचा प्रश्न होता. सुधारगृह, तुरुंग, गोळी, ही त्याची संभाव्य उत्तरे. विनोदी मालिका म्हणते, यांचे काहीच होणार नाही. ती गुंडही होणार नाहीत आणि साहेबही होणार नाहीत. हे उत्तर खोटे आहे, आणि आपण ते हसत मान्य करतो, कारण पडद्यावर प्रत्यक्षात काय दिसते? चाळिशीकडे झुकलेले, कमरेला सुटलेले, डोळ्यांखाली काळे झालेले पुरुष, जे अजून स्वतःला ‘पोरं’ म्हणवतात आणि आइस्क्रीमसाठी भांडतात. तेच चेहरे सलग वीस वर्षे पडद्यावर म्हातारे होताना पाहायला मिळणे दुर्मिळ, आणि ते मोठे व्हायला नकार देत असताना पाहायला मिळणे त्याहून दुर्मिळ. दारिद्र्याची धग या चित्रपटांतून निघून गेली, ही तक्रार मला मान्य आहे. तिच्या जागी आलेला हा हट्ट मात्र मला फुकाचा वाटत नाही.

१९५० च्या दशकात ‘थ्री स्टुजेस’ या आदळआपटीच्या विनोदासाठी गाजलेल्या त्रिकुटाकडून आलेल्या एडवर्ड बर्न्ड्स आणि एलवुड उलमन या जोडीने मालिका निखळ धांगडधिंग्याकडे वळवली. यांच्या नावावर एक अजब विक्रम आहे. १९५५ मध्ये त्यांनी ‘हाय सोसायटी’ नावाच्या बावरी बॉइजपटाची कथा लिहिली होती. पुढच्याच वर्षी ग्रेस केली, बिंग क्रॉसबी आणि फ्रँक सिनात्रा यांचा याच नावाचा संगीतपट आला, आणि कथालेखनाच्या ऑस्कर नामांकनात घोटाळा होऊन नाव लागले ते बर्न्ड्स आणि उलमन यांचे. दोघांनी सभ्यपणे माघार घेतली. स्लिप महोनीने घेतली नसती.

सप्टेंबर १९५५ मध्ये मोटार अपघातानंतर बर्नार्ड गॉर्सी गेले. लिओ त्यातून सावरला नाही. दारू वाढली, आणि ‘क्रॅशिंग लास व्हेगास’ हा १९५६ चा चित्रपट संपल्यावर तो मालिकेतून बाहेर पडला. त्या चित्रपटात तो स्पष्टपणे तोल गेलेला दिसतो. मी तो एकदाच पाहिला आणि पुरेसा पाहिला. त्याची जागा स्टॅनली क्लेमंट्स यांनी घेतली आणि आणखी ७ चित्रपट निघाले. लिओचा हिशेबी स्वभाव मात्र शेवटपर्यंत गेला नाही : १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या तबकडीच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र येणार होते, त्याने ४०० डॉलर मागितले आणि त्याला काढून टाकण्यात आले. त्याच मुखपृष्ठावर हंट्झ हॉल आहे, फुकट. आणि टोळीतला बर्नार्ड पन्सली, ज्याला पडद्यावर फारसे कोणी बोलू दिले नाही, तो सिनेमा सोडून डॉक्टर झाला.

तेव्हा ज्यांना खरोखर पाहायचे आहे त्यांनी ‘डेड एंड’ आधी पाहावा आणि त्यात लिओ आणि हॉल यांच्यावर नजर ठेवावी, मग ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’, आणि त्यानंतर थेट ‘मास्टर माइंड्स’. त्यात पडद्यावर फ्रँकनस्टाइनचा राक्षस रंगवलेल्या ग्लेन स्ट्रेंज यांच्या धिप्पाड देहात सॅचचे मन शिरते आणि तो आडदांड माणूस हॉलचे हातवारे करू लागतो. मालिकेत यापेक्षा चांगला अभिनय मला आढळलेला नाही. क्लेमंट्स यांचे ७ चित्रपट वगळले तरी बिघडत नाही, आणि एका रात्रीत दोनांहून अधिक लावू नयेत, कारण तिसऱ्यात स्लिप हॅट काढण्याआधीच ती कोठे बसणार हे प्रेक्षकाला कळू लागते.