ऑपरेशन ठरलंय, मग आता ही टेस्ट कशाला?

हा प्रश्न मला वरचेवर येतो, आणि येतो तेव्हा घाईत येतो. कंबरेचं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं असतं, घरच्यांनी रजा टाकलेल्या असतात, आणि सर्जन म्हणतात, 'त्याआधी एक नर्व्ह ब्लॉक करून बघू', म्हणजे संशयित नसेपाशी भूल सोडून दुखणं जातं का ते बघू. किंवा ईएमजी, म्हणजे स्नायूंत सुई घालून नसांचं काम बघायची टेस्ट. किंवा डिस्कोग्राफी, तिच्याबद्दल पुढे सांगते. मग फोनवर पहिलं वाक्य हेच असतं: 'एमआरआयमध्ये सगळं दिसतंय ना? मग आणखी सुया कशाला टोचून घ्यायच्या?' मी यातून गेलेय म्हणून मला विचारतात. मी डॉक्टर नाही. पण स्वतःच्या पाठीचा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा जे वाचलं, विचारलं आणि सोसलं, ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी त्या 'सगळं दिसतंय'बद्दल. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते, नस दबलेली दिसते. दुखतंय कुठून, ते दिसत नाही. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे कंबरेचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्के लोकांची गादी चक्क बाहेर आलेली होती. यांतल्या कुणालाच काही त्रास नव्हता. २०१५ साली अशाच बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तीन हजारांवर माणसांचा. दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांतही ३७ टक्के जणांच्या गाद्या झिजायला लागलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात तर ९६ टक्के. म्हणून रिपोर्टमध्ये चार मणक्यांपुढे चार शेरे वाचून घाबरू नका. त्यातला तुमच्या दुखण्याला जबाबदार कोणता, हे ठरवायचं काम अजून बाकी असतं.

पुष्कळदा ते तपासणीच्या टेबलावरच होऊन जातं. एकाच पायात कळ जाते, पाय सरळ ठेवून उचलला की ती उठते, बधिरपणा ज्या नसेच्या वाटेवर असायला हवा तिथेच आहे, आणि एमआरआयमध्ये नेमकी तीच नस, त्याच बाजूला दबलेली आहे. इतकं सगळं जुळत असेल तर ब्लॉकची गरज नाही, आणि तुमच्या सर्जननी तो सांगितला असेल तर कारण जरूर विचारा. लघवी अडली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर या लेखातलं काहीच लागू नाही. तेव्हा तातडीने दवाखाना गाठायचा. तिथे तासांचा हिशेब असतो.

माझं तसं जुळत नव्हतं. एमआरआयमध्ये कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या बाहेर आलेल्या, एल ४-५ आणि तिच्याखालची एल ५-एस १, दोन्ही डावीकडे. पहिलीने एल ५ ची नस दबते. तिची कळ साधारणपणे पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे जाते. दुसरीने एस १ ची दबते. ती मांडीच्या मागून टाच आणि करंगळीकडे जाते. माझी कळ दोन्हीकडे जायची. कधी अंगठ्यात मुंग्या, कधी टाच जड. ऑपरेशन एका जागी करायचं की दोन, हे त्यावर ठरणार होतं. दोन ठिकाणी उघडणं म्हणजे नुसती मोठी जखम नव्हे; ज्या गादीचा काही दोष नाही तिलाही हात लागणार. सर्जन म्हणाले, 'एल ५ ला ब्लॉक देऊन बघू. दुखणं गेलं तर एकच जागा. नाही गेलं तर मला परत विचार करावा लागेल.' हे उत्तर मला फार आवडलं. रिपोर्ट इकडे आला तर काय आणि तिकडे आला तर काय, हे त्यांच्या मनात आधीच पक्कं होतं.

तुम्हीही टेस्टला हो म्हणण्याआधी हेच विचारा: रिपोर्ट उलटा आला तर तुम्ही काय कराल? माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, 'तरी ऑपरेशन करूच.' त्यांनी ती टेस्ट केली नाही. मला ते बरोबरच वाटतं. काही बदलणारच नसेल तर सुई, क्ष-किरण आणि खर्च कशासाठी?

आता ब्लॉकचा दिवस, कारण इथली एक गोष्ट फारसं कुणी आधी सांगत नाही. या टेस्टमध्ये रिपोर्ट मशीन देत नाही, तुम्ही देता. तुम्ही 'कमी झालं' म्हणालात की तो निकाल. त्यामुळे टेस्टला जाताना दुखत असलं पाहिजे. मी डॉक्टरांना विचारून सकाळची दुखण्याची गोळी टाळली, आणि झोपेचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं, कारण गुंगीत असलं की सगळंच कमी दुखतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं वेगळं बघावं लागतं. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं. कंबरेला गार औषध पुसलं, कातडीला बधिर करणारी सुई, मग लांब सुई. डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत ती पुढे नेत होते. थोडा डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं औषध, सोडला तशी नस पडद्यावर काळ्या रेघेसारखी उमटली, आणि त्याच क्षणी पायात थेट अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखी कळ गेली. डॉक्टरांनी विचारलं, 'ही नेहमीचीच का?' मी क्षणभर थांबून नीट आठवलं आणि हो म्हटलं. घाबरून काहीतरी बोलून मोकळं व्हावंसं वाटतं, पण इथे थांबायचंच. मग भूल, तीही अगदी थोडी. जास्त सोडली तर शेजारच्या नसेपर्यंत पसरते आणि निकालच बिघडतो.

नंतर खरं काम सुरू. नर्सने एक कागद दिला होता, तासातासाला शून्य ते दहा आकडा लिहायचा. मी नुसती पडून राहिले नाही. जे केलं की दुखतं तेच केलं: वाकून बूट घातले, खुर्चीत बसले, जिना एकदा चढले-उतरले, तोही कुणाला तरी सोबत घेऊन, कारण भुलेमुळे पाय काही तास लुळा पडू शकतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आकडे पहिल्या काही तासांतलेच महत्त्वाचे, भूल अंगात असते तेवढ्या वेळातले. बरोबर स्टेरॉइड दिलं असेल तर त्याचा गुण काही दिवसांनी येतो. तो उपचार झाला, निदानाचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळून जातं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

माझी पायातली कळ जवळजवळ पूर्ण गेली. टाचेतलीसुद्धा. पण कंबरेच्या मध्यभागी जो एक बोथट ठणका असायचा, तो तसाच राहिला. कागद बघून सर्जन म्हणाले, 'ऑपरेशनने तुमचा पाय सुटेल. हा ठणका सुटेल असं मी सांगणार नाही.' टेस्टने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एक जागा की दोन, हे तर कळलंच. पण ऑपरेशननंतर काय उरणार आहे हे आधी कळलं, आणि ते मान्य असेल तरच हो म्हणायची मोकळीक मिळाली. मी हो म्हटलं. पाय सुटला. ठणका कमी-जास्त होत अजून आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण तो जाईल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्लॉकही काही शंभर टक्के खरं बोलत नाही. दुखण्याचं मूळ दुसरीकडे असतानाही त्याने बरं वाटू शकतं. म्हणून तपासणी, एमआरआय आणि ब्लॉक या तिन्हींचं बोट एकाच जागेकडे आहे ना, ते बघायचं.

डिस्कोग्राफीबद्दल माझं मत वेगळं आहे. त्या उरलेल्या ठणक्यासाठी ती मला नंतर सुचवली गेली, आणि मी नाही म्हटलं. यात सुई थेट गादीत घालतात, दाबाने डाय भरतात आणि विचारतात, 'दुखलं का? नेहमीसारखंच का?' पडताळ्यासाठी शेजारच्या चांगल्या वाटणाऱ्या गादीतही तेच करतात. स्वीडनमध्ये १९४८ च्या सुमाराला ही पद्धत आली आणि तेव्हापासून तिच्यावर वाद आहे. अमेरिकेतल्या कॅरागी या सर्जननी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला: अभ्यासासाठी डिस्कोग्राफी झालेल्या लोकांचे सात ते दहा वर्षांनी पुन्हा एमआरआय. टोचलेल्या गाद्यांपैकी ३५ टक्क्यांची झीज वाढलेली, न टोचलेल्या तुलनेच्या गटात १४ टक्क्यांची. कमी दाबाने केलेल्या टेस्टबद्दलच्या नंतरच्या एका अभ्यासात असं नुकसान दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण माझ्यापुढचा प्रश्न त्याच्याही आधीचा होता: पॉझिटिव्ह आली तर पुढे काय? पुढे मणके जोडायचं ऑपरेशन, स्क्रू आणि रॉड. कॅरागींच्याच २००६ च्या अभ्यासात, डिस्कोग्राफीवरून निवडलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांनाच त्या ऑपरेशनचा पुरेसा गुण आला. मणका स्पष्ट सरकलेल्या रुग्णांत तोच आकडा ७२ टक्के होता. मला ते ऑपरेशन त्या ठणक्यासाठी करायचंच नव्हतं. मग त्याच्या दारापर्यंत नेणारी टेस्ट कशाला करू? ज्यांचा ठणका माझ्यापेक्षा फार मोठा आहे, ज्यांना जोडणीशिवाय दुसरा मार्ग उरलेला नाही, त्यांचं गणित वेगळं असू शकतं.

ज्या टेस्टना मी सहसा नाही म्हणू देत नाही त्या साध्या आहेत. उभं राहून, पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रे, कारण एमआरआय आडवं पडून काढतात आणि आडवं पडल्यावर सरकलेला मणका जागेवर बसलेला दिसू शकतो. स्क्रू घालणार असतील आणि वय झालेलं असेल तर हाडांची डेक्सा, म्हणजे हाडं किती ठिसूळ झालीत ते बघायची टेस्ट. मणके मोजून घेणं. काहींच्या कंबरेत मणका एक कमी-जास्त असतो आणि मग 'एल ५' कुणाला म्हणायचं यावरच घोळ होतो. मधुमेह असेल, दोन्ही पावलं जळत असतील, तर ईएमजी आणि नसांची तपासणी, कारण ते दुखणं कंबरेतून येतच नसेल. मात्र ईएमजी घाईने करू नका. नस दबल्यावर स्नायूंत त्याच्या खुणा दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. आधी केली तर ती उगाच नॉर्मल येईल.

आणि ब्लॉक निगेटिव्ह आला, म्हणजे दुखणं गेलंच नाही, तर? लोकांना याचीच भीती असते, की आता ऑपरेशन होणार नाही, मग आपण कुणाच्या भरवशावर? सर्जनना सांगा की खुबा एकदा तपासा. खुब्याची झीजही जांघेत आणि मांडीत दुखते. चालल्यावर पोटऱ्या भरून येत असतील तर बघा: नुसतं उभं राहून बरं वाटतं की खाली बसावं किंवा वाकावं लागतं? नुसतं थांबून बरं वाटत असेल तर पायांचा रक्तपुरवठा तपासायला हवा. सुई नीट जागेवर होती का, डायचे फोटो कुठे आहेत, तेही विचारा. एमआरआयच्या नुसत्या रिपोर्टवर भागवू नका. मूळ फिल्म किंवा सीडी आणि तासातासाचा तो कागद, दोन्ही घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा. जाताना पहिल्या डॉक्टरांचं मत सांगू नका. आधी त्या दुसऱ्या सर्जनना तपासू दे.