प्लॅटिनमवरच्या लाटा आणि ‘योग्य आरंभस्थिती’

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी प्लॅटिनम (११०), म्हणजे प्लॅटिनमच्या स्फटिकाच्या एका ठरावीक पृष्ठभागावरच्या सर्पिल लाटांचं मॉडेल घेतलं. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन धातूवर बसतात, त्यांचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि हे चालू असताना पृष्ठभागावर लाटा फिरू लागतात. १९९० च्या सुमारास बर्लिनमध्ये गेरहार्ड एर्टल यांच्या गटानं त्यांची चित्रं घेतली: ऑक्सिजनचे पट्टे काळे, कार्बन मोनॉक्साइडचे उजळ. मी घेतलं ते बेअर आणि आइसविर्थ यांचं १९९३ चं दोन चलांचं मॉडेल. एक चल झपाट्यानं बदलतं. दुसरं सावकाश, ते पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणी किती बदलली हे सांगतं. कोड एका बैठकीत झाला.

आणि मग पडद्यावर काहीच नाही. नुसता एकरंगी चौकोन.

मी चाळलेल्या बहुतेक पेपरांत एकच वाक्य: ‘योग्य आरंभस्थिती घेतली’, म्हणजे चलांच्या सुरुवातीच्या किमती योग्य घेतल्या. अहो, पण योग्य म्हणजे कोणती? अजून आठवलं तरी चीड येते. सर म्हणाले, "थोडा नॉइज दे." म्हणजे सुरुवातीच्या किमतींत यादृच्छिक चढउतार. दिला. मॉडेलमधले स्थिरांक ए = ०.८४ आणि बी = ०.०७ घेतले आणि सावकाशीचं चल ० असलं की उद्दीपनाचा उंबरठा (झपाट्याचं चल याच्या वर गेलं तरच लाट पेटते) ०.०७ भागिले ०.८४, म्हणजे साधारण ०.०८३. त्याखालचा नॉइज जिरून जातो. मोठा दिला तर सगळा चौकोन एकदम पेटतो आणि एकदम विझतो. खऱ्या स्फटिकावर दोष असतात, लाट तिथे अडते, तुटते. माझ्या कोडमधल्या ठिपक्यांच्या जाळीवर दोष कुठून येणार?

सर्पिल हवं तर लाटेला मोकळं टोक हवं, आणि ते आपणच कापून द्यायचं. डाव्या अर्ध्यात झपाट्याचं चल १, उजवीकडे ०. सावकाशीचं चल खालच्या अर्ध्यात ०.५, वर ०. खाली उंबरठा (०.५ + ०.०७) भागिले ०.८४, म्हणजे ०.६८ वर जातो, म्हणून तिथे लाट मागे सरते. वर ती पुढे धावते. मधलं टोक वळतं. ते वळताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्या लॅबमधल्या ताईला ओढत आणलं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

हो, राहिलंच: साध्या ऑयलर पद्धतीत (काळ छोट्या पायऱ्यांनी पुढे नेत समीकरणं सोडवायची रीत) काळाची पायरी जाळीच्या अंतराच्या वर्गाच्या चौथाईपेक्षा लहानच हवी (विसरणांक, म्हणजे झपाट्याचं चल शेजारी किती पसरतं तो आकडा, १ धरून). मी अंतर ०.४ आणि पायरी ०.०१ ठेवली. कडांना शून्य प्रवाह, म्हणजे चौकोनाच्या कडेतून काही आत-बाहेर जात नाही.

एप्सिलॉन म्हणजे सावकाशीच्या चलाच्या तुलनेत झपाट्याच्या चलाला बदलायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. तो ०.०४ असताना सर्पिल निवांत फिरत राहतं, ०.०८ ला फुटून तुकडे तुकडे होतात. ०.०८ वर थेट उडी मारू नका. आधी ०.०४ चं सर्पिल दोन-तीन फेऱ्या फिरू द्या, दोन्ही चलांच्या फाइली जपून ठेवा, आणि पुढचं प्रत्येक रन तिथूनच सुरू करा. आणि रिपोर्टमध्ये आरंभस्थिती आकड्यांसकट लिहा.