तुम्ही विचारलंत म्हणून: केस लावताना दुखतं का?

पारावर, लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठंही भेटले की पोरं मला बाजूला घेतात. आवाज उतरवून विचारतात, “भाऊ, केस लावताना लय दुखते का? पैशे वसूल झाले का?” दोन वर्षं मी ‘नाही, काही नाही’ म्हणून सुटका करून घेतली. आता एकदाच सगळं सांगतो.

दुखतं ते बधिर करायच्या इंजेक्शनांचं. कपाळाच्या वर आणि डोक्याच्या मागं सुया टोचतात तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. मग सात-आठ तास डोक्याला काही कळत नाही, पालथं पडून मान तेवढी अवघडते. एक मिलिमीटरच्या आतबाहेर तोंड असलेल्या पंचनं मागची मुळं एकेक करून काढतात, समोर बारीक छिद्रं पाडून त्यांत बसवतात. माझी 2,200 बसवली. मागचेच केस का, तर टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला ते सहसा दाद देत नाहीत, आणि जागा बदलली तरी गुण सोडत नाहीत. पण ते बियाणं मोजकंच असतं. जिथून मूळ काढलं तिथं पुन्हा उगवत नाही.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, सूज डोळ्यांवर उतरली. आठवडाभर उशांना टेकून अर्धवट बसून झोपलो. दहा-बारा दिवसांत खपल्या गळाल्या. ऊन नको, घाम नको, ओझं नको, खर्रा नको. खर्रा हातात घेऊनच विचारायला येता म्हणून स्पष्ट सांगतो: तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या मुळांना सगळ्यात आधी रक्त लागतं. मी डिसेंबर निवडला होता. ऊन कमी, आणि कापसाचा पहिला चुकारा हातात. त्यातले निम्मे पैसे बाबांनी स्वतः काढून दिले होते. “तुले बरं वाटत असंन तर कर,” एवढंच म्हणाले.

हे सगळं दवाखान्यातून कागदावर लिहून मिळालं होतं. पुढचं कागदावर नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी बाबा गेले. सकाळी गोठ्यात गेले आणि तिथंच बसले.

दहावा कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या घाटावर. माझ्या डोक्याला त्या दिवशी अठ्ठावीस दिवस झाले होते. आदल्या रात्री मी घरामागं जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मुळांनी आता जागा धरली आहे, मागून मशीन फिरवा, पण समोर वस्तरा लावू नका, कातडी कोवळी आहे. बाप गेलेल्या घरातून मी हे विचारत होतो. आई आत भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकलं असेल.

घाटावर गावच्या न्हाव्यानं मला समोर बसवलं. बाबांची दाढी तीस वर्षं त्याच हातानं झाली होती. ओला तळवा त्यानं माझ्या डोक्यावर ठेवला, समोरचे बारीक खुंट त्याच्या हाताला लागले असावेत, आणि तो थांबला. “लावू का, भाऊ?” मी म्हणालो, “समोर नका लावू. मागून मशीन फिरवा.” भोवती चाळीसेक माणसं उभी होती. कुणीतरी म्हणालं, “बापासाठी चार केस नाही देववत?” मी मान वर केली नाही.

तेवढ्यात मोठे बाबा पुढं आले. टोपी काढून माझ्या शेजारी पाटावर बसले. आमच्यात थोरल्यानं धाकट्यासाठी केस द्यायचे नसतात. ते बाहत्तर वर्षांचे, बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. न्हाव्याला म्हणाले, “माह्या डोक्याले लाव.” वस्तऱ्याचा आवाज मी शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकला.

पुढच्या दोन आठवड्यांत माझे समोरचे सगळे केस गळाले. ते गळतातच. लावलेला केस दोन ते सहा आठवड्यांत पडतो, मूळ आत राहतं. हेही कागदावर होतं. आई सकाळी माझ्या उशीवरचे केस गोळा करायची आणि काही बोलायची नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो. म्हणतो, पैसे बाबांचेच होते, ते वाया घालवले असते तर त्यांना बरं वाटलं असतं का? डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं ना? बरोबर आहे. पण मागून मशीन फिरवताना मी बाबांचा विचार करत नव्हतो. समोरच्या रेषेचा करत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आणि स्थळ परत गेल्यावर आरशापुढं उभं राहणं काय असतं, हे घाटावरच्या त्या चाळीस माणसांना माहीत होतं, असंही मला वाटत नाही.

चौथ्या महिन्यात लव आली. सहाव्यात लोकांना दिसायला लागलं, वर्षानं भरलं. चांगले आले, खोटं कशाला बोलू. पण लावलेल्या केसांच्या मागचे, टाळूवरचे मूळचे केस अजून जातात. ते टिकवायला फिनास्टेराइडची गोळी आणि मिनॉक्सिडिल चालू ठेवावं लागतं. मी मध्ये सहा महिने सोडलं आणि टाळूवर एक पट्टा विरळ झाला. पुन्हा बसायचं तर मागचं बियाणं मोजावं लागेल.

जाणार असाल तर दवाखान्याच्या पाटीऐवजी एवढं विचारा: छिद्रं कोण पाडणार? 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलंय की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचं. यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेला बसून येत नाही. आणि घरात कुणी आजारी असेल, तर ते वर्ष सोडा. बाबा आजारी नव्हते, हे मला माहीत आहे. तरी सांगतो.

मोठ्या बाबांचे केस दोन महिन्यांत परत आले, पांढरे. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. आता माझ्या डोक्याला वस्तरा चालतो, मुळं पक्की आहेत. परवा ते ओट्यावर दाढीला बसले होते. मी आरसा धरून उभा होतो, आणि त्यांनी आरशातून एकदा माझ्या केसांकडं पाहिलं.