पेपर रिजेक्ट झाल्यावर काय करायचं: माझा अनुभव

जर्नलकडून आलेल्या नकाराच्या मेलमध्ये कामाची ओळ सहसा एकच असते आणि ती मधल्या परिच्छेदात दडलेली असते. सुरुवातीचे आभार आणि शेवटच्या शुभेच्छा सगळ्यांना सारख्याच जातात. मी आधी दोनच गोष्टी शोधते: पेपर परीक्षकांकडे, म्हणजे संपादक ज्यांचं मत मागवतो त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे, गेला होता का, आणि दुरुस्त करून परत पाठवायला वाव ठेवलाय का. पुढचं सगळं यावर ठरतं.

परीक्षकांपर्यंत न पोचता संपादकाकडूनच परत आला तर तो डेस्क रिजेक्ट. परीक्षणानंतर नाकारलेला पेपर वेगळा. तिसरा प्रकार ‘रिजेक्ट, पण नव्याने पाठवू शकता’ असा. यात पेपरला नवा क्रमांक मिळतो, कदाचित नवे परीक्षकही. चौथा मेजर रिव्हिजनचा, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवायला सांगण्याचा, जो नकार नाहीच, पण पत्राची भाषा मात्र तशीच असते. ‘सध्याच्या स्वरूपात पेपर स्वीकारता येणार नाही’ एवढं वाचून, खालची मुदत न बघताच पेपर बाजूला टाकणारे बरेच जण आहेत. नव्याने लिहायला लागलेल्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ‘सध्याच्या स्वरूपात’ हे शब्द असतील आणि सोबत तारीख दिली असेल, तर संपादकाला पेपरमध्ये रस आहे.

मेल आला त्या दिवशी संपादकाला काही लिहायचं नाही. सहलेखकांना तो पुढे पाठवायचा आणि सोबत आलेला परीक्षकांचा अहवाल एक-दोन दिवसांनी, शक्यतो छापून, वाचायचा. चिडून वाचलेल्या अहवालात परीक्षकाचा सूर तेवढा ऐकू येतो, मुद्दा निसटतो.

डेस्क रिजेक्ट बहुधा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत येतो आणि त्यात टिप्पणी नसते. कारणं ठरावीक असतात: विषय जर्नलच्या कक्षेत बसत नाही, नवीन काय आहे ते पहिल्या पानावर कळत नाही, शब्दमर्यादा ओलांडलीय, नैतिक समितीच्या मंजुरीचा उल्लेख नाही, मजकुराचं इतर लेखनाशी साम्य जास्त आहे. कधीकधी कारणाचा पेपरशी संबंधच नसतो. १९३७ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांचं सायट्रिक ॲसिड चक्रावरचं (पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवतात त्यावरचं) पत्र, म्हणजे छोटा शोधलेख, ‘नेचर’ने परत केलं, कारण सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं त्यांच्याकडे आधीच जमली होती. ते काम त्याच वर्षी ‘एन्झायमोलॉजिया’त छापून आलं. १९५३ चं नोबेल क्रेब्स यांना याच शोधासाठी मिळालं.

म्हणून डेस्क रिजेक्ट आला की अख्खा पेपर पुन्हा लिहायला बसू नये. शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि कव्हर लेटर (पेपरसोबत संपादकाला जाणारं पत्र) एवढंच तपासायचं. संपादकाने बहुतेक तेवढंच वाचलेलं असतं. मग कक्षा. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांच्या अंकांत आपल्या विषयाला लागून असलेले पाच पेपर सापडतात का, ते मी बघते. आपल्या संदर्भयादीत त्या जर्नलमधला एकही पेपर नसेल, तर तिथला वाचक आपला नाही असं समजायला हरकत नाही. कक्षेचाच प्रश्न असेल तर आठवड्याभरात पेपर पुढच्या ठिकाणी जायला हवा.

पुढचं ठिकाण कोणतं, हे नकार आल्यावर ठरवायचं नसतं. पहिल्यांदा पाठवण्याआधीच मी चार-पाच जर्नलांची उतरती यादी करून ठेवते. प्रत्येकापुढे कक्षा, शब्दमर्यादा, आकृत्यांची संख्या, संदर्भांची पद्धत, प्रकाशन शुल्क आणि पहिला निर्णय यायला सरासरी किती दिवस लागतात ते लिहिते; यातलं बरंचसं जर्नलच्या संकेतस्थळावर मिळतं. ही यादी सहलेखकांकडून आधीच मान्य करून घ्यायची. नकारानंतर मन खट्टू असताना भलत्याच खालच्या ठिकाणी पाठवायचा मोह होतो, किंवा ‘आता कुठे पाठवायचं’ या चर्चेत सहा महिने जातात. माझ्या मते पेपर मरतात ते बहुधा या चर्चेत.

परीक्षणानंतरचा नकार हा खरा कामाचा भाग. दोन-तीन परीक्षकांनी फुकट वेळ देऊन लिहिलेलं ते वाचन आहे आणि पुढच्या जर्नलला पेपर पाठवताना ते पूर्ण वापरायचं असतं. मी एक तक्ता करते. प्रत्येक टिप्पणी फोडून वेगळी ओळ; एका परिच्छेदात तीन मुद्दे असतील तर तीन ओळी. शेजारी रकाने: मुद्द्याचा प्रकार, काय बदलायचं, पेपरमध्ये कुठे, कोण करणार, कधीपर्यंत.

प्रकार साधारण चार पडतात. सरळ चूक असेल, म्हणजे आकडा, एकक, चुकीची सांख्यिकी चाचणी, तर ती तत्काळ दुरुस्त करायची. दुसरा प्रकार गैरसमजाचा. ‘परीक्षकाला कळलंच नाही’ अशी तक्रार इथे होते. पण पद्धतीच्या विभागात लिहिलेली गोष्ट त्याला दिसली नसेल, तर वाचकालाही दिसणार नाही. ते वाक्य पुढे आणायचं किंवा आकृतीच्या मथळ्यात घालायचं. तिसरा प्रकार नव्या प्रयोगाची किंवा जास्त डेटाची मागणी. चौथा निव्वळ आवडीनिवडीचा, त्याला शेवटी वेळ द्यायचा. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर प्रकार कोणताही असो, तो मुद्दा यादीत पहिला. एक म्हणतो पद्धत विस्ताराने लिहा, दुसरा म्हणतो कमी करा; अशा वेळी तपशील पुरवणी फाईलमध्ये जातो आणि मूळ पेपरमध्ये त्याचा एका ओळीचा उल्लेख राहतो.

‘आता दुसरीकडेच पाठवतोय, मग कशाला बदलायचं’ हा विचार महागात पडतो. विषय जितका अरुंद तितके परीक्षक मोजके. नव्या जर्नलचा संपादक त्याच माणसाला विचारण्याची शक्यता चांगलीच असते. त्याच्यासमोर एकही अक्षर न बदललेला पेपर आला, तर तो जुनाच अहवाल चिकटवून पाठवतो आणि संपादकाला तसं कळवतोही.

नकार आणि छपाई यांच्या मधल्या काळात काय बदललं, हे पाहायचं तर भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं १९६४ चं उदाहरण चांगलं आहे. त्यांचा दुसरा छोटा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला. त्यांनी त्यात भर घातली आणि ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवला. पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या जड कणाचा (हिग्ज बोसॉन) उल्लेख त्या वाढवलेल्या मजकुरात होता. नोबेल २०१३ मध्ये मिळालं. काय सोडायचं आणि काय नाही, यासाठी वैद्यकीय संशोधक रोझलिन यालो यांचं उदाहरण मी सांगते. इन्सुलिनला प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात हे दाखवणारा त्यांचा आणि सॉलोमन बर्सन यांचा पेपर १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’ने नाकारला. दोघांनी शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढायला मान्यता दिली, निष्कर्ष आणि पुरावे तसेच ठेवले. १९५६ मध्ये पेपर त्याच जर्नलमध्ये आला. १९७७ च्या नोबेल व्याख्यानात यालो यांनी ते नकाराचं पत्रही दाखवलं. शीर्षकातला शब्द सोडता येतो, डेटा सोडता येत नाही.

२०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जीवशास्त्रातल्या ९२३ जर्नलांमधले ८० हजारांहून जास्त पेपर पाहिले होते. सुमारे ७५ टक्के पेपर ज्या जर्नलला प्रथम पाठवले तिथेच छापले गेले होते. पण एकीकडे नाकारले जाऊन दुसरीकडे आलेल्या पेपरांना, त्याच जर्नलमधल्या पहिल्या फेरीत स्वीकारलेल्या पेपरांपेक्षा थोडे जास्त सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळाले. मधल्या दुरुस्तीचा हा परिणाम असावा, असं मला वाटतं.

अपील हा पर्याय असतो, पण तो जपून वापरावा. परीक्षकाने पेपरमध्ये असलेली गोष्ट ‘नाही’ असं म्हटलं असेल किंवा पडताळता येईल अशी चूक केली असेल, तरच. ‘महत्त्व कमी वाटतं’ यावर अपील टिकत नाही. पत्र एका पानाचं; परीक्षकाचं वाक्य, पेपरमधली ओळ, पुरावा, बस. निर्णयाला काही आठवडे लागतात आणि तेवढा काळ पेपर दुसरीकडे पाठवता येत नाही. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पेपर असणं हा नैतिकतेचा भंग मानला जातो. उघडकीला आलं की दोन्हीकडून नकार येतो. उत्तर येतच नाही म्हणून पेपर काढून घ्यायचा असेल, तर लेखी कळवून संपादकाची पोच हाती येईपर्यंत थांबायचं. त्याआधी, तीनेक महिने ‘अंडर रिव्ह्यू’ (परीक्षण चालू) दिसत असेल तर पेपरचा क्रमांक घालून दोन ओळींची विचारणा करावी. कुणी रागावत नाही.

नाकारताना काही प्रकाशक आपल्याच दुसऱ्या जर्नलकडे ट्रान्सफरची सोय देतात. अहवाल सोबत जातात, त्यामुळे परीक्षणाची एक फेरी टळू शकते. बटण दाबण्याआधी तिथलं शुल्क बघावं, कारण ही जर्नल्स बऱ्याचदा ओपन ॲक्सेस असतात, म्हणजे वाचकाला फुकट आणि खर्च लेखकाकडून. आणि अनोळखी जर्नलांचे ‘तीन दिवसांत स्वीकृती’वाले मेल येतात, त्यांच्यापासून सांभाळा. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जर्नलांच्या डेटाबेसमध्ये नाव आहे हे जर्नलच्या पानावर वाचून भागत नाही. त्या डेटाबेसमध्ये जाऊन आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) टाकून पाहायचं. खऱ्या जर्नलच्या नावाने चालणारी खोटी संकेतस्थळंही असतात, त्यामुळे दुवाही डेटाबेसमधूनच उघडावा.

पुन्हा पाठवताना होणाऱ्या चुका क्षुल्लक असतात आणि नेमक्या त्याच नडतात. कव्हर लेटरमध्ये आधीच्या जर्नलचं नाव राहतं. ट्रॅक चेंजेस (फाईलमधल्या बदलांच्या खुणा) आणि सहलेखकांच्या शेरेबाजीसकट फाईल जाते. एक आकृती काढली की पुढचे क्रमांक मजकुरात जुनेच राहतात. परीक्षण दुहेरी गुप्त असेल, म्हणजे लेखक आणि परीक्षक एकमेकांना माहीत नसतील, तर ऋणनिर्देश, फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव आणि ‘आमच्या आधीच्या कामात’ ही वाक्यं लेखक उघड करतात. फोटोसारख्या आकृत्यांना साधारण ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) लागतो, रेषाचित्रांना त्याहून बराच जास्त. संदर्भ हाताने बदलू नयेत. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं साधन शैली एका क्लिकमध्ये बदलतं, पण जर्नलांची संक्षिप्त नावं तरीही डोळ्यांखालून घालावी लागतात.

मेजर रिव्हिजन मिळालं असेल तर खरी परीक्षा उत्तराच्या पत्राची. परीक्षकाची टिप्पणी शब्दशः, त्याखाली आपलं उत्तर, मग पान आणि ओळ क्रमांक, आणि बदललेलं वाक्य तिथेच अवतरणात. ‘केलं’ एवढंच उत्तर दिलं की परीक्षकाला पेपरभर शोधत बसावं लागतं आणि मग त्याला आणखी चार गोष्टी सापडतात. आभार प्रत्येक परीक्षकाला एकदाच, दर टिप्पणीला नकोत. असहमती दाखवता येते, पण मोजक्या ठिकाणी, संदर्भ किंवा नव्या विश्लेषणासह. मुदत बहुधा एक ते तीन महिन्यांची असते आणि संपण्याआधी मागितली तर सहसा वाढवून मिळते. उलटून गेल्यावर मागितली तर पेपर नवा समजला जाऊ शकतो.

थांबायचं कधी? तीन वेगवेगळ्या परीक्षकसंचांनी आराखड्यातच एक दोष दाखवला, म्हणजे तुलनेचा गट नाही किंवा नमुना फारच लहान आहे, तर पुढचं जर्नल शोधणं हा वेळेचा अपव्यय. तो दोष लिहिण्याने भरून निघत नाही. डेटा वाढवायचा, नाहीतर दावा लहान करून शॉर्ट कम्युनिकेशन (छोटा पेपर) करायचं. यादीतल्या जर्नलांची धोरणं परवानगी देत असतील तर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीची प्रत, सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवता येतो. निदान कामाची तारीख नोंदली जाते.

स्वीकृतीनंतर प्रूफ (छपाईआधी तपासायची पानं) येतात आणि बहुतेक ठिकाणी ती ४८ तासांत परत मागतात. इतक्या फेऱ्यांनंतर पेपर वाचायचा कंटाळा आलेला असतो, म्हणून मी प्रूफ सलग वाचत नाही. लेखकांच्या नावांची स्पेलिंग, संस्थांचे पत्ते, अनुदानाचा क्रमांक, तक्त्यांमधली उणे चिन्हं आणि दशांश, आकृत्यांच्या अक्षांवरची एककं, ग्रीक अक्षरं, एवढं मूळ फाईलशी एकेक करून ताडते. प्रूफमधून सुटलेली चूक नंतर शुद्धिपत्र काढूनच दुरुस्त होते.