उलटी सही

१३ जुलै, विक्रोळी

काल रात्री भिजवून, चिकटपट्टीने बोर्डावर ताणून ठेवलेला तीनशे ग्रॅमचा कागद आज दुपारपर्यंतही दमटच होता. पावसाळ्यात जलरंगाचे काम घ्यायचे नाही असे दरवर्षी ठरवते, आणि दरवर्षी दिवाळी अंकांची कामे नेमकी याच दिवसांत येतात. कारण अंक दिवाळीआधी विक्रीला जायचा तर कथा जुलै-ऑगस्टमध्ये संपादकांच्या हाती हव्यात आणि त्यांवरची रेखाटने त्यांच्या मागोमाग. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून मराठीत लेखक आणि चित्रकार एकाच पानावर शेजारी नांदत आले आहेत. माझ्या बाबतीत ते एकाच खुर्चीवर बसतात, एवढाच फरक. आणि खुर्ची एकच असल्यामुळे त्यांची भांडणेही मलाच सोडवावी लागतात.

आयकराचे विवरणपत्र भरायचे असल्याने आज हिशेबाच्या दोन्ही वह्या काढल्या. निळी लेखनाची, तांबडी चित्रांची. नोकरी सोडली त्या पहिल्या वर्षी एकच वही होती आणि वर्षाअखेरीस आकडा बरा दिसल्यामुळे मी खुशीत होते. वह्या वेगळ्या केल्यावर कळले की लेख लिहिण्यात निम्म्याहून जास्त दिवस गेले होते आणि घरभाडे मात्र जवळजवळ सगळे चित्रांनी भरले होते. चित्राचे काम सांगणारा माणूस पहिल्याच फोनवर ‘तुमचे किती होतील?’ असे विचारतो. लेख मागणारा शब्दमर्यादा सांगतो, तारीख सांगतो, विषयावर दहा मिनिटे आपुलकीने बोलतो आणि पैशांचा विषय मी काढला की किंचित दुखावतो. अंक निघाल्यावर मानधन, म्हणजे कधी कधी पुढच्या आषाढात. यात कुणाचा दुष्टपणा असतो असे नाही. लिहिता सगळ्यांनाच येते, अशी समजूत मात्र पक्की असते.

परंतु कायद्यापुढे हे पारडे अगदी उलटे आहे, हे मला उशिरा आणि जरा अपमान सोसून समजले. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी कादंबरीचे मुखपृष्ठ जलरंगात केले होते. पैसे वेळेवर मिळाले, पुस्तक निघाले, विषय संपला. काही महिन्यांनी दादरला एका ग्रंथप्रदर्शनात शिरताना दारावरच्या फलकावर माझे चित्र दिसले, पुरुषभर उंचीचे. मजकुराला डावीकडे जागा हवी होती म्हणून कुणीतरी ते आरशात पाहिल्यासारखे फिरवले होते. डाव्या खांद्यावर पदर असलेली बाई उजव्या खांद्यावर पदर घेऊन उभी होती आणि खालच्या कोपऱ्यातली माझी सही उलटी वाचावी लागत होती. मी फोन केला तेव्हा उत्तर आले, “ताई, पैसे दिलेत ना आपण? चित्र आता आमचंच.”

भांडायच्या तयारीने मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला बसले आणि बराच वेळ गप्प राहिले. सतराव्या कलमात सरळ लिहिले आहे की मोबदला देऊन कुणी छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकामाचा ठसा किंवा चित्रपट करवून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक करवून घेणारा. त्या यादीत लेखाचे नाव नाही. म्हणजे याच टेबलावर याच हाताने सकाळी मागणीवरून लिहिलेली कथा माझ्या मालकीची राहते, आणि दुपारी मागणीवरून रंगवलेले चित्र, मी काही बोलले नाही तर, जन्मतःच दुसऱ्याचे होते. कथेचे हक्क कुणाला घ्यायचे असतील तर सहीनिशी लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. जिथे पैसे चटकन मिळतात तिथे हक्क चटकन जातो आणि जिथे पैशांसाठी वर्ष वर्ष थांबावे लागते तिथे हक्क शाबूत असतो. हा व्यवहार सहा वर्षे करून मला तो माहीत नव्हता! प्रकाशकाचे म्हणणे उर्मट होते, चूक नव्हते. सत्तावन्नाव्या कलमाने कलाकृती आपणच केली असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क मालकी गेली तरी कर्त्याकडेच राहतो, एवढाच आधार उरला होता. तो मी वापरला. फलक बदलला नाही, पण पुढच्या आवृत्तीत श्रेयनामावलीत नाव नीट आले.

तेव्हापासून प्रत्येक कामाच्या होकाराबरोबर तीन वाक्ये लिहून पाठवते: चित्र कशासाठी वापरले जाईल, किती काळ, आणि कॉपीराइट माझ्याकडे राहील. समोरून ‘मान्य’ आल्याशिवाय कागद भिजवत नाही. त्यामुळे एक-दोन कामे गेली, त्याचे वाईट वाटले.

लोक मला वसंत सरवट्यांचे उदाहरण देतात. ते सिमेंट कंपनीत अभियंता होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी रेखाटने केली, लेखनही केले. म्हणून मी नोकरी सोडायला नको होती, असा त्याचा अर्थ. दीनानाथ दलालांचे उदाहरण मात्र कुणी देत नाही. चित्रकार असून त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक चालवला. एकाला दरमहा पगार होता, दुसऱ्याच्या हाती अंकच होता. माझ्याकडे दोन्ही नाही, तेव्हा ही तीन वाक्ये तरी हवीत.

कामाची घडी बसायलाही वेळ लागला. सकाळी दहापर्यंत लेखन, कारण डोके थकल्यावर वाक्य पडते, हात मात्र संध्याकाळपर्यंत साथ देतो. चित्र काढताना रेडिओ चालतो, शेजारच्या काकूंशी दारातून बोलणेही चालते. लिहिताना कुकरची शिट्टीसुद्धा खपत नाही. विक्रोळीला धीमी गाडीच थांबते, तिच्यात बसायला मिळाले की फोर्टपर्यंत डझनभर माणसे वहीत उतरतात. दुसऱ्याच्या कथेवर रेखाटन करीत असेन त्या आठवड्यात मात्र स्वतःची कथा लिहू नये, कारण त्याची वाक्ये माझ्या लेखणीत येऊन बसतात.

सगळ्यांत अवघड काम स्वतःच्या कथेवर चित्र काढण्याचे. आता हातात आहे ते तेच. कथेत एक म्हातारी एसटी थांब्यावर छत्री मिटून उभी आहे, कारण छत्री नवी आहे आणि तिला ती नातीसाठी कोरडी न्यायची आहे. मी तेच रंगवले आणि मग लक्षात आले की चित्र माझेच वाक्य पुन्हा म्हणते आहे. म्हातारी पुसून टाकली आणि ओल्या बाकड्यावर फक्त छत्रीची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. त्यानंतर कथेतली चार वाक्ये नकोशी वाटू लागली, तीही काढली. मानधन पानांवर आहे, म्हणजे चित्र सुधारले आणि निळ्या वहीत पाऊण पान कमी झाले.

काल संपादक म्हणाले होते, “ताई, कथेबरोबर चित्रही तुमचंच टाका ना, घरचंच तर आहे.” आज सकाळी त्यांना कथेचे आणि चित्राचे अशी दोन वेगळी बिले आणि ती तीन वाक्ये पाठवली. संध्याकाळी उत्तर आले: “कथेचं ठीक आहे. चित्राचं विचारून सांगतो. पण चित्र शुक्रवारी लागेल.”

कागदाचा डावा कोपरा अजून फुगलेला आहे. टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला आहे आणि चिकटपट्टी अद्याप काढलेली नाही.